पक्ष्याचा कागद

गेल्या महिन्यात एका दुपारी माझ्या आठ वर्षांच्या भाचीने पुस्तकांच्या कपाटातला कागदी पक्षी उचलला आणि विचारले, "मावशी, याच्या आत काय आहे गं?" मी हातातले काम न सोडता सांगितले, की आत काही नाही, नुसता कागद आहे. तिने तो कानाशी नेऊन हलवला, पोटाखालच्या बारीक छिद्राला डोळा लावला आणि म्हणाली, "मग उघडून बघू या ना." तो पक्षी माझ्या मावशीने केलेला होता. ती जाऊन आता बरीच वर्षे झाली आहेत आणि तो त्याहूनही आधीपासून त्या कपाटात, खिडकीच्या बाजूच्या कप्प्यात, पुस्तकांच्या पुढे उभा होता. नाही म्हणायला हवे होते. पण खरे सांगायचे तर तो प्रश्न ऐकल्याबरोबर मलाही वाटून गेले, की आत काहीतरी लिहिलेले असेल. मावशी कोरा कागद कधी वाया घालवत नसे. तिच्या सगळ्या वस्तू पाठकोऱ्या कागदांच्या असत, त्यामुळे प्रत्येक होडीच्या आणि डबीच्या पोटात काही ना काही अक्षरे सापडत. मी पक्षी हातात घेतला, आधी पंख मिटवले, मग मान सरळ केली, आणि एक एक घडी सोडवत गेले.

आत काहीही नव्हते. कागद दोन्ही बाजूंनी कोरा होता. टेबलावर एक मळकट चौकोन पडला होता आणि त्यावर रेघांचे जाळे उठून दिसत होते. भाची क्षणभर त्याच्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "आता परत पक्षी कर." हा पक्षी मला पाठ आहे. मी एक ताजा कागद घेतला, चौकोन कापला आणि पाचेक मिनिटांत तसाच दुसरा पक्षी करून तिच्यापुढे ठेवला. तिने तो निरखून पाहिला, मग टेबलावरच्या चौकोनाकडे पाहिले.

"हा तर नवा आहे. तो कुठे गेला?"

मी तिला काय उत्तर दिले ते आता आठवत नाही. काहीतरी बोलून वेळ मारून नेली असावी. ती घरी गेल्यावर मात्र मी तो चौकोन एका जाड पुस्तकात ठेवून दिला आणि पुढचे तीन आठवडे त्या पुस्तकाकडे पाहायचे टाळले. तिचा प्रश्न बाळबोध नव्हता. पक्षी उघडताना मी कागदाचा कणही कमी केला नव्हता, काही फाडले नव्हते, काही कापले नव्हते. जे होते ते सगळे टेबलावर होते, आणि तरीही काहीतरी निघून गेले होते.

मावशीकडे सुट्टीत राहायला गेले, की दुपारचा वेळ कागदांचा असे. एका डब्यात एका बाजूने लिहिलेले, छापलेले कागद आकारानुसार रचून ठेवलेले असत. एक कात्री फक्त कागदासाठी राखून ठेवलेली होती, आणि तिने चुकून कोणी दोरा कापला तरी मावशीला ते धारेवरून कळत असे. चिकटवण्यासाठी ती घरीच खळ करी. खळ पातळ झाली, की कागद भिजून सुरकुततो आणि घट्ट झाली, की गुठळ्या खालून उठून दिसतात, म्हणून ती बोटाने थोडी उचलून बघायची आणि ती तारेसारखी ओघळली, की भांडे उतरवायची. खळ ब्रशने लावू देत नसे. अनामिकेने लावायची, म्हणजे चिमटीची बोटे कोरडी राहतात आणि कागदावर डाग पडत नाहीत. आजही कुठे काही चिकटवायचे असले, की माझी अनामिका आपोआप पुढे होते. ती फार बोलत नसे. कोपरा नीट जुळला नसताना मी घडी दाबायला लागले, तर नुसता माझा हात धरायची. कोपऱ्यावर कोपरा बसला, डोळ्यांची खात्री झाली, की मग अंगठ्याच्या नखाने मधून बाहेरच्या बाजूला रेघ ओढायची. आधी मधून एका टोकाकडे, मग मधून दुसऱ्या टोकाकडे. एका टोकापासून सुरुवात केली, तर कागद सरकत जातो आणि दुसऱ्या टोकाला पोहोचेपर्यंत केसभर फरक पडतो. तो केसभर फरक पहिल्या घडीत कोणाला दिसत नाही. पुढची घडी त्याच्या आधाराने पडते, तिच्या पुढची तिच्या आधाराने, आणि शेवटी चोच करायची वेळ येते तेव्हा तिला टोकच येत नाही.

कागदाला आडवे-उभे असते हेही मला तिच्याकडूनच कळले. यंत्रावर कागद तयार होताना ओला लगदा एका दिशेने धावत असतो आणि त्यातले बहुतेक तंतू त्या दिशेला लांब होऊन बसतात. कागद न दुमडता हलकेच वाकवून पाहिला, तर एका बाजूने तो सहज वाकतो आणि दुसऱ्या बाजूने जरा अडतो; सहज वाकतो तेव्हा आपण त्याला तंतूंच्या लांबीच्या समांतर वाकवत असतो. त्या दिशेने फाडला तर बऱ्यापैकी सरळ फाटतो, आडवा फाडला तर मनाला येईल तसा. ओला झाल्यावर तंतू लांबीला जवळजवळ वाढत नाही, पण जाडीला चांगलाच फुगतो, म्हणून खळ लावलेला कागद एकाच दिशेने पसरतो आणि गोल वळू लागतो. डबीच्या झाकणावर कागद चिकटवताना मावशी दोन्ही कागदांचे तंतू एकाच दिशेला ठेवायची. मी एकदा हट्टाने उलटे चिकटवले होते. सकाळी पाहते तर झाकण होडीसारखे वाकले होते. तिने ते टाकू दिले नाही. त्या झाकणात आम्ही पुढे कितीतरी दिवस पेन्सिलीच्या तासणीतून निघालेल्या साली ठेवत होतो, फुलांच्या पाकळ्या म्हणून लावायला.

चौकोन करायचा तर आयताचा एक तुकडा उरतोच. नेहमीचा ए-४ कागद २१० मिलिमीटर रुंद आणि २९७ मिलिमीटर लांब असतो. ही मापे विचित्र वाटतात, पण त्यांतले प्रमाण असे बांधलेले आहे, की कागद मधोमध कापला तरी अर्ध्या कागदाचा आकार पुन्हा तसाच राहतो. जर्मनीत १९२२ मध्ये ते प्रमाण म्हणून ठरले आणि पुढे बहुतेक जगाने स्वीकारले. चौकोन मात्र त्या सुबक हिशेबात बसत नाही. त्यासाठी एक कोपरा तिरका आणून समोरच्या कडेवर बसवायचा आणि उरलेली ८७ मिलिमीटरची पट्टी कापायची. त्या पट्टीचे काय करायचे, हा मावशीकडे कधी प्रश्न नव्हता. तिच्या बोटभर रुंदीच्या फिती कापायच्या, फितीला दोऱ्याला मारतो तशी साधी गाठ मारायची आणि ती हळूहळू घट्ट करत सपाट दाबायची. गाठीचा नेमका पंचकोन होतो, पाचही बाजू सारख्या. ना पट्टी लावावी लागते, ना कोनमापक. मी हे पहिल्यांदा पाहिले तेव्हा मला ती जादू वाटली होती, आणि पुढे शाळेत पंचकोन काढताना कंपासचे टोक तीनदा सरकले तेव्हा त्या गाठीची फार आठवण आली होती.

घडी हा शब्द आपण किती ठिकाणी वापरतो. नव्या कापडाची घडी मोडतो तो आनंदाचा दिवस असतो. संसाराची घडी बसते, कारभाराची घडी विस्कटते, आणि ती पुन्हा बसवता येते असे आपण धरून चालतो. कापडाच्या बाबतीत ते खरेच आहे. पाण्याचा हात फिरवला, इस्त्री केली, की कापड मागचे सगळे विसरते. कागद विसरत नाही. दुमडताना घडीच्या बाहेरच्या अंगाचे तंतू ताणले जातात, आतले चेपले जातात, काही तुटतात, त्यांची एकमेकांवरची पकड सुटते, आणि कागद पुन्हा सरळ केला तरी ती पकड आपोआप जुळत नाही. घरातल्या एकाने मला त्या चौकोनावर इस्त्री फिरवायचा सल्ला दिला. रेघा जरा चपट्या झाल्या असत्या, इतकेच. अकिरा योशिझावा हे जपानी कलावंत कागद थोडा ओलसर करून दुमडत. ओलाव्याने तंतू आणि त्यांच्यातली खळ सैल होते, कागदाला कापडासारखा हळुवार बाक देता येतो, आणि वाळल्यावर तो बाक तसाच कडक होतो. मलाही वाटले, की ओलसर फडके फिरवले तर हा कागद मऊ होईल. पण जुन्या कागदाला पाणी लावायचे धाडस झाले नाही, आणि मला कागद मऊ करायचा नव्हताच. मला तो पक्षी हवा होता.

तीन आठवड्यांनी एका रात्री मी पुस्तकातून चौकोन काढला आणि दिव्याखाली धरला.

पक्षी येत असूनही हे अवघड का वाटावे, असे कोणी विचारेल. नव्या कागदावर आपण म्हणू तिथे घडी पडते. जुन्या कागदावर घड्या आधीच असतात आणि आपल्याला त्यांचे ऐकावे लागते. योशिझावांनीच १९५० च्या दशकात घड्या कागदावर लिहून ठेवायची एक चिन्हांची पद्धत बसवली, तुटक रेघा आणि बाण यांची. वर उठलेल्या घडीला डोंगर म्हणायचे आणि आत गेलेलीला दरी. माझ्यासमोरच्या चौकोनावर डोंगर आणि दऱ्या होत्या, बाण नव्हते. शिवाय या पक्ष्यात कितीतरी घड्या आधी एका बाजूला घालून मोडायच्या असतात आणि मग त्याच रेघेवर उलट्या घालायच्या असतात, त्यामुळे तीच रेघ अर्धी डोंगर आणि अर्धी दरी दिसते. मी पहिल्यांदा घाईने गोळा करायला गेले तेव्हा कागदाने एका ठिकाणी बारीक आवाज केला आणि मी हात काढून घेतला. मग मधल्या बिंदूपासून सुरुवात केली. तिथून आठ रेघा बाहेर निघतात. पक्षी मिटलेला असताना त्यांतल्या सहाच खरोखर दुमडलेल्या असतात, चार डोंगर आणि दोन दऱ्या. सपाट मिटणाऱ्या कोणत्याही कागदी वस्तूत, कडेवर नसलेल्या एका बिंदूपाशी भेटणाऱ्या डोंगरांच्या आणि दऱ्यांच्या संख्येत नेमका दोनचाच फरक असतो. जपानी घडीकलावंत जुन माएकावा यांच्या नावाने हा नियम ओळखला जातो. पाच आणि तीन होईल, चार आणि दोन होईल, तीन आणि तीन कधीच होणार नाही. मी मोजत होते तेव्हा माझे तीन आणि तीन येत होते. म्हणजे एक रेघ मी चुकीची वाचत होते.

ती कुठली हे रंगाने सांगितले. हलक्या प्रतीच्या कागदात लाकडातले लिग्निन, म्हणजे तंतूंना एकत्र बांधून ठेवणारे द्रव्य, बरेच उरलेले असते, आणि उजेड व हवा लागून ते पिवळे पडते. तो चौकोन मला पहिल्या दिवशी नुसता मळकट दिसला होता. दिव्याखाली तिरका धरल्यावर दिसले, की त्यावर एक नकाशाच उमटला आहे. मधोमध एक पिवळी जागा होती, कारण कागदाचा मध्य म्हणजे पक्ष्याची पाठ, आणि पाठ वर उघडी असते. चार कोपऱ्यांपैकी दोन कोपरे पंखांचे, एक चोचीचा, एक शेपटीचा. पंखांच्या कोपऱ्यांत पिवळे मोठे पट्टे होते आणि त्यांपैकी एक पट्टा दुसऱ्याहून स्पष्ट गडद होता. तो पंख इतकी वर्षे खिडकीकडे होता. चोचीच्या आणि शेपटीच्या वाटेवर पिवळ्या रंगाच्या अरुंद चिंधोट्या, आणि त्यांच्या मध्ये जिथे कागद कागदावर झाकलेला होता तिथे तो अजून इतका पांढरा होता, की आज घडी घातली असावी. कडा अगदी रेखीव होत्या. पिवळे बाहेर, पांढरे आत, एवढेच पाहत गेले आणि अडलेली रेघ सुटली.

फ्रोबेल यांनी १८३७ मध्ये जर्मनीत लहान मुलांसाठी जी शाळा काढली आणि जिला पुढे किंडरगार्टन, म्हणजे बालोद्यान, हे नाव मिळाले, त्या परंपरेत कागदाच्या घड्यांना मानाचे स्थान होते. एकाच चौकोनातून ज्ञानाचे आकार निघतात, सौंदर्याचे निघतात आणि जीवनाचे निघतात, अशी त्यांची मांडणी होती: त्रिकोण-चौकोन हे ज्ञानाचे, नक्षी ही सौंदर्याची, आणि पक्षी-होडी-घर हे जीवनाचे. त्या रात्री मला ही मांडणी सारखी आठवत होती. मी जीवनाचा आकार उघडून ज्ञानाचा करून ठेवला होता, आणि माझ्या भाचीने तेवढेच विचारले होते.

मान घडवताना मी थांबले. मानेच्या जागी एक नाही, दोन रेघा होत्या, दोन मिलिमीटर अंतरावर, जवळजवळ समांतर. आधी वाटले, ही माझीच चूक, उघडताना मी काही तरी चेपले असेल. पण दोन्ही रेघांवर नखाची चकाकी होती. नखाने दाबलेल्या रेघेवर कागद गुळगुळीत होतो आणि दिव्याखाली चमकतो. मी उघडताना बोटांनी पडलेल्या चुण्या मंद होत्या, या दोन्ही चमकत होत्या. म्हणजे मावशीची घडी चुकली होती. तिने ती मोडली, दोन मिलिमीटर सरकून दुसरी घातली, आणि पहिली रेघ आतल्या बाजूला अशी गेली, की पक्षी उभा असेपर्यंत ती कोणाला दिसण्यासारखी नव्हती. मी किती वेळ त्या दोन रेघांकडे पाहत बसले कोणास ठाऊक. आमचा हात धरून घडी थांबवणारी मावशी, जिची चूक मी एकदाही पाहिली नव्हती, ती एका संपूर्ण कोऱ्या कागदावर चुकली होती. आणि कोरा कागद का घेतला असेल, हा तर त्याहून मोठा प्रश्न. पाठकोऱ्यावर सराव करून हा चांगला करायचा असे ठरवले असेल का? कोणाला द्यायचा असेल का? मला बरे वाटत होते आणि अपराधीही वाटत होते; तिने नीट झाकून ठेवलेले मी उघडून पाहिले होते. मी तिची दुसरी रेघ धरली. घडी अक्षरशः स्वतःहून मिटली, तिच्या नखाने केलेल्या खाचेत माझे नख अलगद उतरले, आणि मी जोर दिला नाही.

मध्यरात्रीच्या सुमारास पक्षी सपाट मिटून टेबलावर पडला होता. चोच झाली होती, शेपूट झाले होते, पंख अंगाला चिकटलेले होते. फक्त शेवटची पायरी राहिली होती: दोन्ही पंख धरून हलकेच बाहेर ओढायचे, म्हणजे पाठ फुगते आणि पक्षी उभा राहतो. मी रेघ शोधली. तिथे रेघ नव्हती. पंख ओढताना घडी पडत नाही, नुसता बाक येतो, आणि तीन आठवडे पुस्तकाखाली दाबून ठेवलेल्या कागदातला बाक मीच घालवला होता. किती ओढायचे हे नकाशाही सांगत नव्हता. नव्या पक्ष्याचे पंख मी विचार न करता ओढते. याचे ओढवेनात. तो मी तसाच मिटलेला ठेवून दिला.

शनिवारी भाची आली. मी काही न बोलता पक्षी तिच्यासमोर ठेवला. तिने आधी कपाटातल्या नव्या पक्ष्याकडे पाहिले, मग याच्याकडे, आणि पंखावरच्या पिवळ्या पट्ट्यावरून बोट फिरवले. "हा तोच आहे," ती म्हणाली. मी तिला पंख कसे धरायचे ते दाखवले, पोटाशी, टोकाशी नाही. एका ठिकाणी तिने घाई केली तेव्हा मी तिचा हात धरला, मग सोडला. पाठ फुगली. डावा पंख उजव्यापेक्षा थोडा खाली राहिला. तिने पक्षी कपाटात नेऊन ठेवला, मागे सरकून पाहिले, पुन्हा पुढे गेली आणि तो उलटा फिरवला, म्हणजे फिकट पंख खिडकीकडे आला.

"आता या बाजूला ऊन," ती म्हणाली.